धुंधुरमासातलं चेन्नई : शनिवार-रविवारच्या कच्चेऱ्यांची आखणी

चेन्नईला गाणं ऐकायला जायचं तर आधी तारीख पक्की करावी, गायक मागाहून. तिथला कर्नाटक संगीताचा हंगाम मार्गळी महिन्याला धरून चालतो. मार्गळी म्हणजे आपला धुंधुरमास. सूर्य धनू राशीत असतो तो काळ, साधारण 16 डिसेंबर ते 13-14 जानेवारी. कार्यक्रमांना मात्र नोव्हेंबरच्या अखेरीपासूनच सुरुवात होते. म्युझिक अकॅडमीचा महोत्सव साधारण 15 डिसेंबर ते 1 जानेवारी असा चालतो आणि पाठोपाठ जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नृत्य सुरू होतं. 2017 मध्ये युनेस्कोने चेन्नईला संगीताचं शहर म्हणून आपल्या यादीत घेतलं. पण हा हंगाम त्याच्या कितीतरी आधीचा. 1927 मध्ये मद्रासला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्याला जोडून संगीत परिषद झाली आणि तिच्यातून 1928 मध्ये म्युझिक अकॅडमी उभी राहिली.

कोणता शनिवार-रविवार घ्यायचा? पहिल्यांदा जाणाऱ्याला आम्ही 15 डिसेंबरनंतरचा पहिलाच सुचवतो. नाताळाच्या शनिवार-रविवारी मोठी नावं एकवटलेली असतात हे खरं, पण परदेशातून आलेल्या रसिकांची गर्दीही तेव्हाच असते. तिकीट, खोली, परतीची गाडी या तिन्ही गोष्टी एकदम अडतात. डिसेंबरचा पहिला आठवडा स्वस्त आणि मोकळा असतो, फक्त पावसाची धास्ती राहते. चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर हा, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. 2015 चा पूर डिसेंबरच्या आरंभीचा आणि 2023 चं मिचाँग चक्रीवादळही डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यातलं. महिन्याच्या मध्यापासून पाऊस ओसरत जातो. तरी छत्री बरोबर असावीच.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी खुलं होतं आणि सभांची, म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्थांची, वेळापत्रकं बहुधा नोव्हेंबरात हाती येतात. म्हणजे कोण कधी गाणार हे कळायच्या आधीच तिकीट काढायची वेळ येते. थांबू नये. त्या दिवसांत कोणत्याही शनिवारी ऐकण्यासारखं इतकं असतं की तारीख चुकली असं होत नाही. मुंबईहून पुणे, सोलापूर, वाडी, गुंतकल, रेणिगुंटा या मार्गाने जाणाऱ्या गाडीला जवळपास अख्खा दिवस लागतो. विमानाने मुंबईहून दोन तास. गाडीनेच जायचं असेल तर गुरुवारी निघावं. शुक्रवारी उतरून थेट कच्चेरीत म्हणजे मैफलीत बसलं तर अंग प्रवासात असतं आणि आलापना झोपेत जाते.

'कच्चेरी' हा शब्द आपल्या ओळखीचाच. आपण कचेरीत कामाला जातो, तमिळ माणूस कच्चेरीला गाणं ऐकायला जातो. शब्द एकच, तिकडे तो मैफलीवर जाऊन स्थिरावला. ती भरवणारी संस्था म्हणजे 'सभा'. मैलापूर, अल्वारपेट, टी. नगर या भागांत सभा खच्चून भरल्या आहेत. टीटीके रोडवर म्युझिक अकॅडमी आणि त्याच रस्त्याने दक्षिणेला गेलं की नारद गान सभा. मैलापुरात मैलापूर फाइन आर्ट्स क्लब, रसिक रंजनी सभा, भारतीय विद्या भवन आणि लझजवळचं रागसुधा हे छोटं सभागृह. टी. नगरला कृष्ण गान सभा आणि वाणी महाल. तिरुवान्मियूरला, शहराच्या दक्षिण टोकाला, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी 1936 मध्ये स्थापन केलेलं कलाक्षेत्र, नृत्य-संगीताची संस्था.

पहिल्यांदा आखणी करणारे नेमके इथेच फसतात. वेळापत्रक समोर ठेवून नावांवर खुणा करत गेलं की शनिवारचा दिवस असा तयार होतो : सकाळी अकॅडमी, दुपारी टी. नगर, 4 वाजता कलाक्षेत्र, संध्याकाळी पुन्हा मैलापूर. कागदावर ते सुरेख दिसतं. प्रत्यक्षात दोन कच्चेऱ्यांमधला अर्धा तास रिक्षा शोधण्यात जातो, पुढचा अर्धा रस्त्यात. त्यात मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या कामामुळे लझ-मैलापूर भागातली वाहतूक वळवलेली. पोचेपर्यंत सुरुवातीचं वर्णम् आणि पहिली कृती म्हणजे बंदिश झालेली असते, आणि चांगल्या सभेत गाणं चालू असताना दार उघडत नाहीत. दोन रचनांच्या मधल्या टाळ्यांमध्येच आत सोडतात. आमचा नियम साधा आहे : एका दिवसाला एकच परिसर. शनिवार टीटीके रोड आणि मैलापूर, रविवार टी. नगर, किंवा उलट. कलाक्षेत्राला जायचं तर संध्याकाळ त्यालाच द्यावी, पुढेमागे काही ठेवू नये.

मुक्काम मैलापूर, अल्वारपेट, रॉयपेट्टा किंवा गोपालपुरम् इथे घ्यावा. विमानतळाजवळची किंवा सेंट्रल स्टेशनजवळची खोली स्वस्त पडते, पण दुपारी तासभर पाठ टेकायला परत येता येत नाही. ते येता यावं यातच या सहलीचं निम्मं यश आहे. विमानतळावरून मेट्रोची निळी मार्गिका थेट शहरात येते. अल्वारपेटसाठी तेनामपेट, अकॅडमीसाठी एजी-डीएमएस किंवा थाउजंड लाइट्स ही स्थानकं सोयीची, तिथून पुढे रिक्षा. मैलापुरासाठी बीच-वेलच्चेरी ही उन्नत लोकल आहे, तिचं तिरुमयिलै स्थानक कपालीश्वराच्या देवळापासून चालत जाण्याजोगं.

आता तिकिटांचं. दिवसभरातल्या कार्यक्रमांची एक उतरंड असते. सकाळी 8 च्या सुमारास अकॅडमीत सप्रयोग व्याख्यान, दुपारी 12 आणि 2 च्या आसपास तरुण कलाकार, 4 वाजता मधल्या फळीतले आणि 6-7 नंतर ज्येष्ठ. तास सभेगणिक थोडे पुढेमागे होतात. दुपारच्या कच्चेऱ्यांना बऱ्याच सभांमध्ये तिकीट नसतं, जाऊन बसायचं. संध्याकाळचं मात्र तिकीट लागतं आणि पुढच्या रांगा हंगामी तिकीटवाल्यांच्या असतात. दिवसाची तिकिटं काही सभा ऑनलाइन देतात, काही खिडकीवर, काही दोन्ही. ज्या सभेचं तिकीट फक्त खिडकीवर आहे तिथे सकाळच्या कार्यक्रमाला जातानाच संध्याकाळचं काढून ठेवावं. मोठ्या नावासाठी 5 वाजता खिडकीवर जाणं म्हणजे हात हलवत परतणं. तिकीट नाहीच मिळालं तरी तिथून लगेच निघू नये. हंगामी तिकीटवाले सगळेच रोज येत नाहीत, आणि कार्यक्रम सुरू होण्याच्या सुमारास एखादं जास्तीचं तिकीट हातात धरून उभा असलेला गृहस्थ बऱ्याचदा भेटतो. अकॅडमीच्या मोठ्या सभागृहात बाल्कनी कमी प्रतीची मानतात. आम्हाला ती आवडते. आवाज नीट पोचतो आणि मृदंगवाल्याचे दोन्ही हात दिसतात.

संध्याकाळच्या ज्येष्ठांपेक्षा दुपारच्या तरुणांवर जास्त भिस्त ठेवा, हे आम्ही जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. 2 वाजताच्या गायिकेला दीड-दोन तास मिळालेले असतात आणि याच तासांवर पुढच्या वर्षी तिला 4 ची वेळ मिळणार की नाही हे ठरतं. ती जीव ओतून गाते. समोर अर्धं सभागृह रिकामं असतं, पण बसलेले लोक जाणते असतात. दिवसाला तीन कच्चेऱ्यांपेक्षा जास्त ऐकू नयेत. चौथीला कान बंद होतात. राग कुठला, ताल कुठला, काही उमटत नाही. दोन दिवसांत पाच, फार तर सहा.

जाण्याआधी दोन आठवडे रोज थोडं ऐकलं तर फरक पडतो. आपल्याकडचं शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला पायाला जमीन असतेच. मोहनम् म्हणजे भूप, हिंदोळम् म्हणजे मालकंस, शुद्ध सावेरी म्हणजे दुर्गा, कल्याणी म्हणजे यमनचं थाट, मायामाळवगौळ म्हणजे भैरवचं, खरहरप्रिया म्हणजे काफीचं. घोटाळा होतो तो सारख्या नावांमुळे. त्यांची तोडी आपल्या भैरवीच्या स्वरांची आहे. आपल्या तोडीचे स्वर तिकडे शुभपंतुवराळीत सापडतात. त्यांची भैरवी ही आपली भैरवी नव्हे, आपल्या भैरवीच्या जवळ जाते ती सिंधुभैरवी. हिंदोळम् आणि आपला हिंडोल यांचा तर काहीच संबंध नाही. स्वर जुळले तरी राग तसाच ऐकू येईल असंही धरून चालू नये. तिथला स्वर क्वचितच सरळ उभा राहतो, त्याला गमकाचा झोका असतो. यमनमध्ये आपण गंधारावर विसावतो, कल्याणीत तोच गंधार सारखा आंदोळत राहतो. सुरुवातीला हे अस्वस्थ करतं. तिसऱ्या कच्चेरीला तोच झोका हवाहवासा वाटायला लागतो. रागांची वेळ तिथे काटेकोरपणे पाळत नाहीत, त्यामुळे सकाळी 10 ला रात्रीच्या मालकंसाचे स्वर कानावर आले तर दचकू नये.

कच्चेरीचा आजचा क्रम बव्हंशी अरियक्कुडी रामानुज अय्यंगार (1890-1967) यांनी रूढ केलेला आहे. आधी वर्णम्, सहा-आठ मिनिटांचं, गळा आणि हात मोकळे करणारं. मग दोन-तीन कृती. त्यातल्या एखादीला छोटी आलापना, एखादीच्या शेवटी कल्पनास्वर म्हणजे ऐनवेळी सुचलेली सरगम. तासा-सव्वा तासाने मुख्य रचना : सविस्तर आलापना, त्यावर व्हायोलिनवाल्याची आलापना, कृती, एकाच ओळीला नाना अंगांनी फुलवणारं निरवल, स्वर आणि मग तनि आवर्तनम् म्हणजे नुसत्या तालवाद्यांचं वादन. काही जण पुढे रागम्-तानम्-पल्लवी, म्हणजे एका रागाचा आणि एकाच ओळीचा लांबलचक विस्तार, मांडतात. शेवटी तुक्कडा म्हणजे हलक्या रचना, आणि समारोपाचं मंगलम्. संध्याकाळची कच्चेरी अडीच तासांच्या घरात जाते. हा क्रम ठाऊक असला की पाणी कधी प्यावं, बाहेर कधी जावं, परतीची रिक्षा कधी बोलवावी हे सगळं नीट जमतं.

राग कोणता हे कलाकार बहुधा सांगत नाहीत. शेजाऱ्याला विचारावं. कर्नाटक संगीताच्या रसिकाला रागाचं नाव विचारणं म्हणजे त्याचा मान राखणं, तो आनंदाने सांगतो, फक्त दोन रचनांच्या मधल्या वेळात विचारावं. आम्ही कृतीचे पहिले दोन शब्द ऐकू येतील तसे देवनागरीत लिहून ठेवतो. तेवढ्यावरून रात्री खोलीवर राग, ताल, रचनाकार सगळं सापडतं. ध्वनिमुद्रण करू नये. मनाई असते, आणि शेजारी बसलेल्याला मोबाइलचा उजेड फार बोचतो.

ताल धरायला मात्र पहिल्याच दिवशी शिकावं. बहुतेक रचना आदितालात असतात, 8 मात्रांच्या. उजवा हात मांडीवर : एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट अशी एकेक टेकवायची. या झाल्या चार. पुढे टाळी आणि तळवा उलटा, पुन्हा टाळी आणि तळवा उलटा. आठ झाल्या. सभागृहात नजर फिरवली की शेकडो मांड्यांवर हीच हालचाल एका लयीत चाललेली दिसते, आजीबाईंपासून शाळकरी मुलीपर्यंत. तीनतालाच्या सवयीने आपण 'खाली', म्हणजे टाळी नसलेली मात्रा, शोधायला लागतो. इथे तशी 'खाली' नाही. दुसरी अडचण संथ रचनेत येते. तिथे प्रत्येक मात्रा दोनदा मोजतात, म्हणजे करंगळी दोनदा टेकते, मग अनामिका दोनदा. हे माहीत नसेल तर आपला हिशेब निम्म्यातच संपतो आणि बाकीचे अजून मधल्या बोटावर असतात. तिसरी, कृती सगळ्याच समेवर म्हणजे पहिल्या मात्रेवर सुरू होत नाहीत, पुष्कळशा टाळीनंतर अर्ध्या मात्रेने उठतात. गोंधळ झाला तर गायकाच्या मांडीकडे बघावं, तिथे ताल कायम चालू असतो.

तनि आवर्तनम् सुरू झालं की अर्धं सभागृह उठतं. हे आम्हाला मनापासून खटकतं. संध्याकाळभर जो माणूस दुसऱ्याच्या गाण्याला अंगरखा शिवल्यासारखी साथ करत बसला, त्याची बोलायची वेळ आली की लोक कॉफीला जातात. बसून राहावं. मृदंगवाला आधी एक लांब फेरी घेतो, ती घटम् म्हणजे मातीचा घडा किंवा खंजिरी वाजवणारा आपल्या बोलांत उत्तर देऊन पुरी करतो. फेऱ्या आखूड होत जातात : आठ आवर्तनं, चार, दोन, एक, अर्धं. मग दोघं एकत्र येतात. शेवटी मोहरा म्हणजे समारोपाकडे नेणारे ठरलेले बोल, आणि कोर्वै म्हणजे ठरलेल्या हिशेबाची एक रचना, जी तीनदा वाजते. तिसऱ्यांदा ती जिथे संपते त्याच क्षणी गायक कृतीची ओळ उचलतो. पंधरा मिनिटं बोटं मोजत बसलेल्याला त्या क्षणी जे मिळतं ते कॉफीला गेलेल्याला मिळत नाही. कॉफी कुठे जात नाही. उलट तनिच्या वेळी कँटीनमध्ये सगळ्यात लांब रांग असते.

कँटीन हा या हंगामाचा रास्त अभिमानाचा विषय. मोठ्या सभांच्या आवारात मांडव घालून स्वयंपाक चालतो, आणि नुसतं जेवायला येणारेही खूप. दुपारी केळीच्या पानावर जेवण : भात, सांबार, रसम, कूट्टू, पोरियल, अप्पळम, पायसम, ताक. शनिवार-रविवारी 12 नंतर तासभर तिष्ठावं लागतं. आम्ही 11 लाच टोकन घेतो, जेवतो आणि 12 च्या कच्चेरीला मागच्या रांगेत बसतो. 4 नंतर वडा, बोंडा, डोसा, काशी हलवा आणि फिल्टर कॉफी. भर दुपारी पान भरून जेवून थेट वातानुकूलित सभागृहात शिरलं की डोळे मिटतात, म्हणून जेवण आणि ऐकणं यात पाऊण तास मोकळा ठेवावा किंवा भात कमी घ्यावा. आणि शाल न्यावी. बाहेर 28-29 अंश असताना आत इतकं गार असतं की अडीच तास उघड्या दंडांनी बसवत नाही. रेशमी पातळं नेसून आलेल्या जुन्या रसिक बायकांच्या पिशवीत शाल असतेच.

रविवारची पहाट मैलापूरला द्यावी. साडेपाचला कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांवर पोचावं, त्यांना 'माड' रस्ते म्हणतात. मार्गळीत तिथे भजनं म्हणत प्रदक्षिणा घालतात. पापनासम् शिवन (1890-1973) हे मोठे रचनाकार स्वतः ही भजनं घेऊन निघत. संत कवयित्री आंडाळची तिरुप्पावै 30 पदांची, महिनाभर रोज एक पद. घरांपुढे तांदळाच्या पिठाचे मोठाले कोलम् म्हणजे रांगोळ्या चालू असतात, त्यांवरून चालू नये. देवळात मिरं-जिऱ्याचं गरम वेण् पोंगल प्रसाद म्हणून हातावर पडलं की आपली धुंधुरमासाची मुगाची खिचडी आठवतेच. इथे तिकीट नाही, रंगमंच नाही, आणि ऐकायला आलेला माणूस दोन ओळींनंतर गायला लागतो. तमिळ येत नसलं तरी टाळ धरता येतो.

मराठी कानाला आणखी एक ओळखीची गोष्ट भेटेल. संध्याकाळच्या कच्चेरीच्या शेवटच्या अर्ध्या तासात, तुक्कड्यांमध्ये, अभंग येतो. गायिका अरुणा साईराम यांनी तो तिथल्या श्रोत्यांत फार लोकप्रिय केला. रंजनी-गायत्री या गायिका भगिनी मुंबईतच वाढलेल्या, त्यांचे उच्चार ऐकावेत. नातं जुनं आहे. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं, दुसरे सरफोजी (1798-1832) गादीवर असताना थोर रचनाकार त्यागराज (1767-1847) तिथून जवळच तिरुवैयारूला राहत होते. तंजावरात येणाऱ्या मराठी कीर्तनकारांच्या धाटणीवर तिकडची हरिकथा घडली, आणि दिंडी, साकी, ओवी ही आपली वृत्तं त्या कथेत अजून त्याच नावांनी म्हणतात. हंगामात एखाद्या सभेत सकाळची हरिकथा किंवा नामसंकीर्तन लागलं असेल तर ते सोडू नये, भाषा कळत नसतानाही अर्धं कळतं.

परतीचं आरक्षण रविवारी रात्रीचं घेऊ नका. 9 चं विमान म्हणजे 7 ला विमानतळावर, म्हणजे साडेपाचला सभागृह सोडणं, म्हणजे 4 ची कच्चेरी ऐन तनिच्या तोंडावर टाकून उठणं आणि संध्याकाळ पूर्ण गमावणं. सोमवारी सकाळचं घ्यावं. मेट्रो पहाटेपासून धावते आणि तेनामपेटहून विमानतळ अर्ध्या तासाच्या आत येतं. मग रविवारी संध्याकाळी घड्याळ न बघता शेवटपर्यंत बसता येतं. मंगलम् सुरू झालं की उठायची घाई करू नये. तंबोरा वाजत असतो, व्हायोलिनवाला शेवटचा सूर धरून गायकाकडे बघत असतो, आणि शेजारचे आजोबा आठव्या मात्रेचा तळवा उलटा करून हात तसाच मांडीवर ठेवतात.